राजाक्कांचा आठवडा

रविवारी सकाळी ऊन अंगणात उतरलं की राजाक्का हातातलं काम टाकून बाहेर यायच्या, डोळ्यांवर आडवा हात धरून गडाकडे बघायच्या आणि पुढचा आठवडा ठरवायच्या. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हा नेम चुकायचा नाही. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. हिवाळा तिथं कधी एकसारखा नसतो. सकाळी धुकं एवढं की समोरच्या घराची कौलं दिसू नयेत, दुपारी डोक्यावर पदर घ्यावा असं ऊन, दिवस कलला की गडावरून गार वारं खाली उतरतं, आणि मधेच कधीतरी आभाळ भरून येतं. मग पाऊस पडतो, किंवा पडतही नाही. असल्या हवेवर कुणी बेत आखू नयेत. राजाक्का आखायच्या, कारण त्यांच्या नवऱ्याला दमा होता.

"सोमवार-मंगळवार कोरडं जाणार. वाकळा सोमवारी धुतो. बुधवारी बाजार, त्यो शाळा सुटल्या सुटल्या उरकतो. बेस्तरवारी आभाळ येतंय बघ, त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत घरी. शुक्रवारचं शुक्रवारी बघू."

बोटांची पेरं मोजत त्या हे मोठ्यानं म्हणायच्या. ऐकायला कधी मी असायची, कधी कुणीच नसायचं. 'मी धुतो, मी जातो' हे आमच्याकडच्या बायकांचं बोलणं. शाळेत फळ्यासमोर राजाक्का 'मी जाते' म्हणायच्या, घराच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की 'मी जातो'.

ठरवलेलं निम्म्या वेळा फसायचं. वाकळा दोरीवर पडल्या की नेमकं आभाळ दाटायचं. ज्या दिवशी घरी बसायचं म्हणून रजा टाकलेली असायची, तो दिवस काचेसारखा स्वच्छ निघायचा. त्या चिडायच्या नाहीत. "फसलं," म्हणायच्या, "परत मांडायचं." आणि ओल्या वाकळा खांद्यावर घेऊन आत जाता जाता पुन्हा पेरं मोजायला लागायच्या.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी त्या गावच्या शाळेत लागले. दुसरीचा वर्ग मला, चौथीचा राजाक्कांना. राहायला खोलीही त्यांच्याच अंगणापलीकडे मिळाली. त्या माझ्याहून बऱ्याच वडील, हाडापेरानं मोठ्या, आवाज असा की प्रार्थनेला घंटा नसती तरी चाललं असतं. नाव राजमती, पण गाव त्यांना राजाक्का म्हणायचं. माहेर कुरुंदवाडचं, शेतकरी जैन घर. तिकडे नदी, सपाट रान, काळी माती. "आमच्याकडं थंडी म्हंजे थंडी, ऊन म्हंजे ऊन," त्या म्हणायच्या. "हितल्यागत दिवसात चार सोंगं न्हाईत." आईला त्या अव्वा म्हणत आणि तिच्याशी कानडीतून बोलत. अव्वा दरवर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कृष्णाकाठची वांगी पाठवायची. राजाक्का ती वांगी निवडताना कानडीत काहीतरी पुटपुटायच्या, तेवढीच त्यांची कानडी मी ऐकली. माहेरी जाणं फक्त मे महिन्यात. हिवाळ्यात त्यांना गाव सोडता यायचं नाही.

त्यांचे यजमान भूपालअण्णा. गोरे, किडकिडीत, मऊ बोलणारे. पूर्वी सोसायटीच्या कचेरीत होते, छातीच्या त्रासानं ती नोकरी सोडली आणि मग घरीच. मूलबाळ नव्हतं. अण्णांचा कुणाला राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे, बिघडलेली घड्याळं खोलून बसायचे, पोरांना हसवायचे. बायकोवर त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. राजाक्कांनी कुठं जायचं काढलं की ते एकच वाक्य बोलायचे.

"जा की. मी कुठं नको म्हणतोय?"

मग थोड्या वेळानं, "कवा येशील?"

आणि मग आणखी थोड्या वेळानं त्यांचा हात छातीकडे जायचा.

यात सोंग होतं असं मी म्हणणार नाही. मी त्यांची धाप पाहिली आहे. एका संध्याकाळी गडावरचं वारं सुटलं आणि राजाक्कांनी मला हाक मारली. अण्णा पलंगाच्या कडेला धरून बसले होते, ओठ निळसर, मानेच्या शिरा टरारलेल्या, डोळे दाराकडे. श्वास आत जात होता पण बाहेर यायचं नाव नाही. राजाक्का त्यांच्या पाठीमागे बसल्या होत्या. त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतलेली, दोन्ही हात पुढून आवळलेले, आणि त्या स्वतः मोठमोठ्यानं, सावकाश श्वास घेत होत्या, सोडत होत्या. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं तसं. "माझ्याबरोबर. घाई न्हाय. माझ्याबरोबर." मी डॉक्टरांना बोलवायला पळाले. डॉक्टर इंजेक्शन घेऊन येईपर्यंत अण्णांचा श्वास निम्मा वाटेवर आला होता. डॉक्टर राजाक्कांना म्हणाले, "तुम्ही होता म्हणून." हे ऐकताना अण्णांनी मान हलवली. मला तेव्हा ते कृतज्ञतेनं वाटलं. होतंही तसंच.

आमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला उसाच्या रानात एक गुऱ्हाळ लागायचं. दस्तगीर नावाचा गुळव्या ते चालवायचा. उंच, काळासावळा, कानावर मफलर, बोलायला राजाक्कांच्या तोडीचा. एका हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात त्याच्या चुलवाणाचा धूर वर जाईना, गल्लीतच पसरून राहायला लागला. अण्णांना सकाळी खोकल्याची उबळ यायला लागली. राजाक्का तडक गुऱ्हाळावर गेल्या. शाळेत जाता जाता, म्हणून मीही बरोबर.

"दस्तगीर, तुझा धूर कुठं जातोय बघितलास?"

"वर जातोय की आक्का."

"वर जात न्हाय. माझ्या घरात येतोय. चुलवाण दिवस वर आल्यावर पेटवत जा."

"रस थांबत न्हाय आक्का. गाळला की कढईत चढवायलाच लागतो. आंबला तर गूळ काळा पडतो. काळ्या गुळाला अडत्या हात लावत न्हाय."

"माझा माणूस काळा पडतोय, त्याचं काय?"

कढईभोवतीची माणसं हसायची थांबली. दस्तगीरनं मफलर सोडून पुन्हा बांधला. "धुकं असलं तर ऊन पडल्यावर पेटवतो," तो म्हणाला. "पण धुकं नसताना माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय."

"न्हाय मारत."

त्यानं शब्द पाळला. धुक्याच्या दिवशी त्याची माणसं हात चोळत बसून राहायची. पुढं तो केळीच्या पानात गरम गूळ पाठवायला लागला, आणि राजाक्का त्याच्या धाकट्या मुलीला रविवारी घरी बसवून पाढे शिकवायला लागल्या. गावात लोक म्हणायचे, बाईनं नवऱ्यासाठी गुऱ्हाळ थांबवलं. कौतुकानं म्हणायचे. अण्णाही हे सगळ्यांना सांगायचे, अगदी राजाक्कांच्या शब्दांत.

काही वर्षांनी आमच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. शाळेत राजाक्का सगळ्यात जुन्या, आणि मोठ्या बाई होण्यासाठी लागणारी सगळी लायकी त्यांच्यात होती. फक्त कोल्हापूरला राहून एक प्रशिक्षण घ्यायचं होतं. ते निघालं भर पौषात. राजाक्का महिनाभर त्याच्या तयारीत होत्या. स्वयंपाकाला एक बाई ठरवली. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत, म्हणून तिला वेळा समजावून सांगितल्या. डॉक्टरांना सांगून ठेवलं. मला सांगितलं. दस्तगीरला सांगितलं. दर रविवारी गडाकडे बघून त्या त्याच आठवड्याचा अंदाज घ्यायच्या. "आवस झाली की हवा सुधारती," म्हणायच्या. हे कुठून काढलं होतं कोण जाणे. एवढ्या खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. नवी निळी साडी त्यांनी पेटीतून काढली आणि दोनदा घडी मोडून पुन्हा घातली.

त्या सोमवारी सकाळ अगदी स्वच्छ होती. अण्णांनी स्वतः त्यांची पिशवी एस.टी.च्या थांब्यापर्यंत आणली; पोचवायला मीही होते. "जा की," म्हणाले. "हितलं काय, सगळं व्यवस्थित हाय." गाडी आली. राजाक्का चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी सुटायला जरा वेळ होता. अण्णा थांब्याच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, हातानं खूणही केली नाही. नुसता त्यांचा हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला.

राजाक्का खाली उतरल्या.

"आभाळ आलं," मला म्हणाल्या. मी वर पाहिलं. गडाच्या डोक्यावर पांढऱ्या ढगाचा एक तुकडा होता.

मोठ्या बाईंच्या जागी दुसऱ्या गावाहून एक तरुण सर आले. राजाक्कांपेक्षा वयानं खूप लहान. वाईट नव्हते, पण पहिल्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले तेव्हा ते राजाक्कांना म्हणाले, "बाई, जरा चहाचं बघता का?" राजाक्कांनी चहाचं बघितलं. परत येताना कपबश्यांचा ट्रे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चांगला केलाय. पी." निळी साडी नंतर त्यांच्या अंगावर कधी दिसली नाही. विचारलं तर म्हणाल्या, भावाच्या बायकोला देऊन टाकली.

त्यानंतर त्यांच्या बोलण्याला धार आली. आधीही त्या रोखठोक होत्या, आता त्यात कडवटपणा आला. कुणाची बदली झाली, कुणी गाव सोडून गेलं की, "सुटला," एवढंच म्हणायच्या. शाळेत कुणी विचारलं, आज हवा काय म्हणतेय, तर म्हणायच्या, "ती म्हणती, बस घरात." लोक हसायचे. रविवारचं मांडणं मात्र चालूच होतं. वाकळा, बाजार, दळण, नहाणं, पाव्हणेरावळे, सगळं त्या कोरड्या आणि ओल्या दिवसांत वाटून टाकायच्या. फक्त पूर्वीसारखं मोठ्यानं म्हणायच्या नाहीत.

अव्वा आजारी पडली तोही हिवाळाच होता. निरोप आला रविवारी. कुरुंदवाडच्या त्यांच्या भावानं, जिनपालनं, ओळखीच्या एका कंडक्टरला सांगितलं होतं, त्यानं आमच्या गाडीच्या कंडक्टरला. तो थांब्यावर उतरून गल्लीत आला. "अव्वाला बरं न्हाई. आक्कानं येऊन जावं, असं सांगितलंय."

"किती बरं न्हाई?" राजाक्कांनी विचारलं.

"ते काय मला ठावं न्हाई बाई. येऊन जावं म्हणालेत."

आदल्या दिवसापासून आभाळ होतं. अण्णांची छाती वाजत होती, ते खरंच आजारी होते. राजाक्का अंगणात आल्या, गडाकडे पाहिलं. गड दिसतच नव्हता. मी म्हणाले, "आक्का, तुम्ही आजच निघा. अण्णांना मी बघते. डॉक्टर आहेत, दस्तगीर आहे."

अण्णा दारात घोंगडं पांघरून बसले होते. "जा की," म्हणाले. "निर्मला हाय की." थोडं थांबले. "कवा येशील?"

 राजाक्का पेरं मोजत होत्या. "उद्या न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी बी असंच ऱ्हाणार. बुधवारी फाटंल. बेस्तरवारी पहिल्या गाडीनं निघतो."

"आक्का, अव्वांचं काय ते कळलेलं नाही," मी म्हणाले.

"म्हातारं माणूस हाय. थंडीचं व्हतंय." मग स्वतःशीच, "बेस्तरवारी जातो."

बुधवारी दुपारी खरंच आभाळ फाटलं. ऊन पडलं, गड वरपासून खालपर्यंत दिसायला लागला, अण्णा खुर्ची घेऊन अंगणात बसले. राजाक्कांचा अंदाज असा तंतोतंत उतरल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. त्यांनी अव्वासाठी नाचणीचे लाडू केले. गुरुवारी पहाटे धुक्याचा पत्ता नव्हता. त्या गेल्या.

पुढचं मला त्यांनी सांगितलं ते पुष्कळ दिवसांनी, आणि एकदाच. घराच्या कोपऱ्यावर आल्या तेव्हा बाहेर माणसं बसलेली दिसली. अव्वा बुधवारी पहाटे गेली होती. लेकीला निरोप धाडून दुपारपर्यंत थांबले, मग घेऊन गेले; तो निरोप पोचलाच नव्हता. जिनपालनं सांगितलं, तापातसुद्धा ती दोन दिवस विचारत होती, राजू आली काय, राजू आली काय. त्याला ते सांगायचं नसावं, पण तोंडातून गेलं. आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं विचारलं, "या आक्का. फाटलं काय आभाळ तुमच्याकडचं?"

"तिनं बरोबर इचारलं," राजाक्का मला म्हणाल्या. "मीच पाठवलेला की निरोप, बेस्तरवारी आभाळ फाटल्यावर येतो म्हणून."

लाडवांचा डबा त्यांनी तसाच परत आणला.

सुतकाचे दिवस त्या कुरुंदवाडला राहिल्या. इकडे त्या दिवसांत हवा अतिशय वाईट होती. गुरुवारचं ऊन एका दिवसाचं ठरलं, परत आभाळ, धुकं, बोचरं वारं. अण्णांचं जेवण मी पोचवत होते. पहिल्या दिवशी सकाळी गेले तर दाराला कडी. मी घाबरले. मग पाहिलं तर अण्णा मफलर गुंडाळून खालच्या वाटेनं गुऱ्हाळाकडे चाललेले. रोज जायला लागले. चुलवाणाच्या उबेला बसायचे, माणसांना गोष्टी सांगायचे, दुपारी घरी. खोकायचे, थांबून श्वास घ्यायचे, पण डॉक्टरांना एकदाही बोलवावं लागलं नाही.

राजाक्का परत आल्या त्या दिवशी गल्ली भेटायला आली. दस्तगीरही आला. दारापाशीच उकिडवा बसला. अव्वाबद्दल दोन शब्द बोलला. मग त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, "अण्णांची काळजी करू नका आक्का. रोज येत हुते आमच्याकडं. चुलवाणापाशी बसायचे. तुम्ही न्हवता तरी माणूस हसतमुख."

राजाक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. "रोज?" म्हणाल्या.

"रोज की."

माणसं उठून गेल्यावर मी चहाची भांडी आवरत होते. राजाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. अण्णा खुर्चीत.

"चुलवाणापाशी?" राजाक्कांनी विचारलं.

"ऊब असती तिथं."

"आणि धूर?"

 खोटं बोलायचा अण्णांचा स्वभाव नव्हता. "घरात एकट्याला भ्या वाटायचं राजू," ते म्हणाले. "धाप लागली तर धरायला कोण हाय? तिथं चार माणसं असत्यात."

"मग मी शाळेत जातो, बाजारात जातो, तवा कधी त्या चार माणसांत का न्हाय गेला? मी कोल्हापूरला, कामाला, कुठं जायचं म्हटलं की तवा का न्हाय?"

अण्णांना प्रश्न कळलाच नाही असं मला वाटलं. त्यांनी अगदी सरळ उत्तर दिलं.

"तू असतीस की."

राजाक्का हसल्या. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मी भांडी तशीच ठेवून निघून आले.

त्या रविवारी त्या अंगणात आल्या नाहीत. पुढच्याही नाही. हिवाळा संपेपर्यंत वाकळा ज्या दिवशी वेळ मिळेल त्या दिवशी धुतल्या गेल्या, भिजल्या तर भिजल्या. अण्णांचं करणं त्यांनी सोडलं नाही. धाप लागली की मागे बसून धरायच्या, पण 'माझ्याबरोबर' म्हणायच्या नाहीत. गुऱ्हाळाच्या धुराबद्दल दस्तगीरला पुन्हा काही बोलल्या नाहीत. तोच बिचारा धुकं पडलं की अजून थांबून राहायचा.

जूनमध्ये त्यांची बदली झाली, कुरुंदवाडजवळच्या एका शाळेत. अर्ज त्यांनीच केलेला. अण्णांना म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. तिकडं धुकं न्हाय, गुऱ्हाळ लांब हाय. छातीला बरं पडंल."

"माझं घर हितं हाय राजू. नदीकाठची ओल मला सोसायची न्हाय."

"मग ऱ्हावा."

"जा की," अण्णा म्हणाले. "मी कुठं नको म्हणतोय? कवा येशील?"

"न्हाय येत."

हे बोलणं मी माझ्या उंबऱ्यात उभी राहून ऐकलं. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला, पण लगेच त्याची भीती झाली. हात छातीवर गेला. राजाक्कांनी ते पाहिलं. अण्णांच्या पुतण्याच्या बायकोला त्यांनी आधीच जेवणखाणाचं, गोळ्यांचं सगळं समजावलं होतं. ती दोघं राहायला यायची होती. राजाक्का पेटी उचलून निघाल्या. थांब्यापर्यंत मी गेले. गाडी लागलेलीच होती आणि यावेळी त्या उतरल्या नाहीत.

गावानं त्यांना माफ केलं नाही. ज्या बायका गुऱ्हाळ थांबवल्याची गोष्ट सांगायच्या त्याच म्हणायला लागल्या की आजारी नवरा टाकून माहेरी गेली. शाळेत सर म्हणाले, "मनाला पटत नाही." अण्णा कुणाकडे तक्रार करायचे नाहीत. "तिची बदली झाली," एवढंच सांगायचे, आणि ते इतकं हळू सांगायचे की ऐकणाऱ्याला राजाक्कांचा आणखी राग यायचा.

मध्ये एकदा मी नृसिंहवाडीला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून कुरुंदवाडला गेले. भावाच्या घराच्या मागच्या बाजूची एक खोली त्यांना मिळाली होती. मला वाटलं होतं, आता तरी बाई मोकळ्या झाल्या असतील. भावजय चहा घेऊन आली, ठेवला, गेली, राजाक्कांकडे बघितलंही नाही. "हितं बी मी पाव्हणीच हाय," राजाक्का म्हणाल्या. "ती मला रोज एकदा अव्वाची आठवण करून देती. देऊ दे. तिनं केलंय सगळं, मी न्हाय." मग एकदम विचारलं, "त्यांची तब्येत?" मी सांगायला तोंड उघडलं तोच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. चहा गार व्हतोय."

अण्णा गेले ते दोनएक वर्षांनी, एका साध्या कोरड्या दिवशी, दुपारी. पुतण्या रानात होता, त्याची बायको ओढ्याला. घरात कुणी नव्हतं. ती परत आली तेव्हा अण्णा दाराच्या चौकटीला धरून खाली बसलेले, आणि सगळं संपलं होतं. एवढ्या वर्षांत ज्याला ते घाबरत होते ते तसंच झालं. मी पाहिलं तेव्हा त्यांचा हात चौकटीवरून काढायला दोघांना जोर लावावा लागला.

दिवस मावळल्यावर क्रिया करत नाहीत, म्हणून ती दुसऱ्या सकाळवर ठेवली आणि कुरुंदवाडला निरोप धाडला. राजाक्का वेळेत पोचल्या. पदर खोचून आत गेल्या. बायका सरकून बसल्या, पण कुणी त्यांच्या गळ्यात पडलं नाही, कुणी पाणी विचारलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "आता आलीस व्हय?"

"व्हय," राजाक्का म्हणाल्या, आणि अण्णांच्या उशाशी बसल्या. रडल्या नाहीत. त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले, कॉलरचं बटण लावलं. मी पाण्याचा तांब्या दिला तो एका दमात प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. माणसं नदीवरून परत येतायत तोवर राजाक्कांनी आपली पिशवी भरली होती. मी थांब्यावर बरोबर गेले. माझीही तेव्हा दूरच्या तालुक्यात बदली ठरली होती, त्यामुळे यापुढे भेट होणं कठीण, हे दोघींनाही माहीत होतं.

"थोडे दिवस राहायचं होतंत," मी म्हणाले.

"कुणाजवळ?"

 रस्त्यावर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्या जाईपर्यंत राजाक्का थांबल्या.

"लोक म्हणत्यात, मी गेलो म्हणून हे गेले," त्या म्हणाल्या. "खरं असंल. मी असतो तर त्या दिवशी गेले नसते. पण निर्मला, मी ह्यांच्याजवळ बसून ऱ्हायलो आणि माझी अव्वा माझं नाव घेत गेली. त्याचं कुणी काय म्हणत न्हाय. हिकडं न्हाय, तिकडं न्हाय. त्याला काय नावच न्हाय लोकांच्यात."

"तुम्ही पुष्कळ केलंत आक्का."

"केलं की. म्हणून तर." एवढंच म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

रत्नागिरीकडून गाडी आली. त्या चढल्या. ड्रायव्हर चहाला उतरला म्हणून मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलावं, पत्ता घ्यावा, असं मनात होतं. खिडकीच्या गजाला त्यांचं डोकं टेकलं होतं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे पडलेले. गाडी सुटलीही नव्हती आणि त्यांना गाढ झोप लागली होती. मांडीवरची पिशवी घसरली, शेजारच्या बाईनं ती उचलून पायाशी ठेवली, तरी त्या हलल्या नाहीत. कंडक्टर आला. "मावशी, कुठलं तिकीट?" त्यानं दोनदा विचारलं आणि खांद्याला हात लावायला वाकला.

मी खालूनच त्याला पैसे दिले. "कोल्हापूर," मी म्हणाले. "स्टँड आला की उठवा. तोवर झोपू द्या."